एक गाडी, दोन रिमोट

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही धावल्या! आज्ञा एकीस दिली आणि दोघींनी पाळली. आमच्या कार्यालयात याच्या नेमके उलट घडते.

वृत्तांत असा. घर बदलणाऱ्या एका सहकाऱ्याने आपल्या माळ्यावरचे खोके अस्मादिकांच्या गळ्यात मारले होते. आत रिमोटवर चालणाऱ्या दोन जुन्या मोटारगाड्या, एक निळी, एक पिवळी. आणि दोन रिमोट, प्रत्येकास ओढून हातभर लांब होणारी अँटेना. आज घरी येताच निळीचे उदर उघडले, गंजलेली तार बदलली, दोघींत नवे सेल घातले आणि निळीच्या रिमोटची दांडी पुढे रेटली. निळी कपाटावर आदळली. पिवळी, जिला कोणी काही म्हटले नव्हते, ती थेट सौभाग्यवतींच्या टाचेवर.

"हिला कोणी बोलावलं होतं?" ही म्हणाली. प्रश्न शास्त्रीय होता.

जेवण लांबणीवर टाकून शोध घेतला. प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक रिमोटमध्ये नखाएवढी धातूची एक डबी बसवलेली असते. तिला क्रिस्टल म्हणतात. तिच्यावरचा आकडा जुळला की गाडी त्या रिमोटचे ऐकते. चारही डब्यांवर आकडा एकच! म्हणजे कोणतीही गाडी कोणत्याही रिमोटची दासी. या वयात विज्ञानाने इतका आनंद द्यावा, हे शोभत नाही. तरी झाला.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादाच्या हाताचे प्लास्टर निघाले.

थोरले बंधू तळमजल्यावर राहतात, आम्ही वर. कोपऱ्यावरचे केशकर्तनालय त्यांचे. (ते 'दुकान' म्हणतात, पाटीवरील शब्द मी सुचवला होता.) जिन्यावरून पडून उजवे मनगट मोडले, तेव्हापासून कात्री कारागिराच्या हाती आहे. वस्तरा मात्र दादाने कोणाला धरू दिलेला नाही. तो पेटीत निजून आहे.

हाड जुळले. हात थरथरतो. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो सोफ्याखाली गेला आणि तेथेच स्थायिक झाला.

शेजारच्या शिंप्याला दुकान वाढवायचे आहे. दादा त्याला म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत थांब. वस्तरा धरता आला तर दुकान माझं. नाही आला तर घे तू."

वहिनी हे सांगताना भांडे पुसत होती. पुसून झालेले भांडे पुन्हा पुसत होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

मागच्या अंगणात विटा मांडून वळणावळणाचा मार्ग रचला. निळी दादाच्या स्वाधीन केली. या रिमोटला दोन दांड्या असतात. डावीने वेग, उजवीने दिशा. उजव्या दांडीला अंगठा आणि तर्जनी यांचा अत्यंत सूक्ष्म व्यायाम घडतो, हे माझे कपट.

"हे काय, माझं बारसं आहे का?" दादा म्हणाला. पण रिमोट घेतला.

गाडी दूर जाताना सोपे असते. ती वळून आपल्याकडे येऊ लागली की डाव्याचे उजवे होते आणि बुद्धी हात टेकते. तीन दिवस सराव करून मी अजूनही वाटेतल्या प्रत्येक कुंडीत शिरतो. दादाने पहिल्याच फेरीत गाडी समोरून आणली आणि बिनचूक वळवली.

"तीस वर्षं आरशात बघून डोकी भादरतोय, पंडित. उलटं-सुलटं मला काय सांगतोस."

दिशेत चूक नव्हती. गाडी मात्र सापासारखी नागमोडी जात होती. हात.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन फेऱ्या. मग विटेला धडक. दादाने रिमोट खाली ठेवला आणि उजव्या हाताकडे असे पाहिले, जसे उशिरा आलेल्या कारागिराकडे पाहतो.

"बघितलंस? गाडीनंही ओळखलं."

१० फेब्रुवारी, सोमवार

कार्यालयात 'नळजोडणीधारकांस सूचित करण्यात येते की' इथवर मसुदा आला आणि प्रतिभा स्फुरली.

एक रिमोट दोन गाड्या चालवतो. मग दोन रिमोट एक गाडी का चालवणार नाहीत? दादा अंगणात चालवील. मी वर गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीआड, पिवळीचा रिमोट घेऊन उभा राहीन. त्याचा हात चुकला की माझा सावरील. त्याला वाटेल, आपणच सरळ नेली. धीर येईल, धीर आला की हात स्थिरावेल.

हिला योजना निवेदन केली.

"भाऊजींना कळलं तर?"

"कळणार नाही."

"तुमचं कधी कळलं नाही असं झालंय का?"

विरोधी पक्षाची नोंद घेऊन ठराव संमत केला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गूढ. मी साहाय्य करतो आहे, आणि गाडी अधिक बिघडते आहे. नागमोडीपणा गेला, त्याऐवजी पुढची चाके तापाने फणफणल्यासारखी कापतात. मध्येच थबकते, मध्येच उसळी मारते.

दादा: "आज जास्तच हलतोय."

निळीला शस्त्रक्रियेसाठी वर आणले. चाके वळवणाऱ्या दांडीचा सांधा सैल होता, त्यात कागदाची पट्टी सरकवून घट्ट केला. वळण देणाऱ्या छोट्या मोटरचे, म्हणजे सर्व्होचे, दात तपासले. सगळे शाबूत, माझ्याहून बरे. मुख्य मोटरच्या ठिणग्यांनी संदेश बिघडत असेल म्हणून तिथली सुटलेली जोडणी तापल्या सळईने नव्याने डाखली. बोट भाजले. विज्ञानास आहुती!

मग खोलीत एकट्याने चालवली. रेशमासारखी.

म्हणजे दोष गाडीत नाही. उरला कोण? हे वाक्य पूर्ण करावेसे वाटत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

अँटेना पूर्ण ताणून साहाय्य वाढवले. कंपही वाढला. दादा तिसऱ्या फेरीला थांबला, घाम पुसला, पुन्हा केली. मी वर दात-ओठ खाऊन त्याच्या बाजूने दांडी दाबत होतो. दोघे भाऊ मिळून एक वीतभर गाडी सरळ नेऊ शकलो नाही.

"माझा हात गेला," तो वहिनीला म्हणाला. आवाज चढवून नाही. भाजी संपली, असे सांगतात तसे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एक विसंगती टिपून ठेवतो. वहिनी जिन्यात भेटली. म्हणाली, "शर्टाची बटणं आता स्वतःच लावतात. काल चहाही बशीत सांडला नाही. मग ती मेली गाडीच का थरथरते हो?"

बटण लावणारा हात गाडीला कापरे का भरवतो? बटण गाडीहून लहान असते. विचार करतो आहे. प्रश्न मात्र उत्तम आहे. वहिनीला कार्यालयात घ्यायला हवे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी मसुदा तीनदा बदलून घेतला, अखेर पहिलाच संमत केला. घरी यायला उशीर. गॅलरी चुकली.

दार उघडताच ही म्हणाली, "आज भाऊजींनी काय गाडी चालवली! विटांमधून दोरा ओवल्यासारखी. दोन फेऱ्या. त्यांनाच खरं वाटेना. योगायोग म्हणाले आणि आत गेले."

"मी नसताना?"

"तुम्ही नसताना."

चपला काढायच्या राहिल्या. मी तसाच उंबऱ्यावर उभा. हिने माझ्याकडे पाहिले, मी हिच्याकडे. पहिल्यांदा तिलाच समजले असावे, कारण तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पाण्याचा पेला दिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रयोग. दादा डॉक्टरांकडे गेलेला असताना अंगणात केला.

हिच्या हाती एक रिमोट, माझ्या हाती दुसरा. ही एकटी: गाडी सुरळीत. मी एकटा: सुरळीत. दोघे एकदम, तेही एकाच दिशेने: चाकांना कापरे!

उलगडा झाला. दोन रिमोटांच्या आज्ञा एकमेकींत मिसळत नाहीत, एकमेकींवर आदळतात. गाडीच्या कानी दोघांचेही बोलणे अर्धे-अर्धे पोचते आणि ती बिचारी कापू लागते. हाताला हात लावणे हे ओझे उचलताना खरे असते. येथे दोन साहाय्यक म्हणजे शून्य साहाय्य.

अर्थात, गेले दहा-अकरा दिवस दादा जो कंप पाहत होता, तो त्याच्या मनगटात नव्हता. तो चादरीआड उभा होता, चष्मा लावून.

शोध इतका सुंदर आहे की, दुसऱ्या कोणाच्या बाबतीत लागला असता तर मी पेढे वाटले असते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितले. सगळे. चादरीसकट.

दादाने शांतपणे ऐकून घेतले. मला वाटले, आता मार बसणार. बसला असता तर बरे झाले असते.

"झालं सांगून?"

"झालं."

"लहानपणापासून तुझं हेच. मी पडलो की तू म्हणायचास, जमीनच वाकडी होती. आता हात गेला तर म्हणतोस, रिमोटच दोन होते."

"अरे, खरंच दोन होते. चल, दाखवतो."

"तू दाखवशील. रोज त्या गाडीचं पोट उघडून बसतोस. आज सरळ चालेल असं काहीतरी करून ठेवलं असशील."

"वहिनी, तू सांग याला."

वहिनी म्हणाली, "मी काय सांगू? तुम्ही मागे वीज कंपनीचं पत्र म्हणून स्वतःच लिहिलेलं पत्र दाराखालून सरकवलं होतंत. मी दोन दिवस मेणबत्त्या शोधत होते."

आयुष्यभर विनोद केले. आज एक सत्य घेऊन गेलो तर दारात कोणी ओळखले नाही.

निघताना दादा म्हणाला, "आणि चालली समज सरळ. गाडी विटेला घासली तर रंग जातो. वस्तरा घासला तर?" टीव्हीचा आवाज वाढवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादाने गाडीला हात लावला नाही. मी गॅलरीत गेलो नाही. अंगणातल्या विटांवर मांजर बसले होते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शिंपी टेप घेऊन दुकान मोजायला आला होता. भिंत कुठे पाडायची ते खडूने आखून गेला. कारागीर सांगत होता, दादा स्वतः टेपचे दुसरे टोक धरून उभा होता. "घट्ट धरलं होतं हो, जराही हललं नाही," तो म्हणाला, आणि खुर्ची झाडू लागला.

मी टेपबद्दल दादाला सांगायला गेलो. त्याने हात वर केला. "पंडित, पुरे."

युक्तिवाद संपले. प्रयोग अमान्य. साक्षीदार फुटले. निळी, पिवळी, त्यांचे क्रिस्टल, सर्व्हो, सगळे माझ्या बाजूने आणि सगळे निरुपयोगी; कारण दादाला गाडी सरळ जाते का हे जाणून घ्यायचेच नाही. त्याला वेगळेच काही जाणून घ्यायचे आहे, आणि ते तो कोणत्याही गिऱ्हाइकावर अजमावणार नाही. तेवढा तो सज्जन आहे.

एक गोष्ट तपासायची राहिली आहे. तिला रिमोट लागत नाही. कालपासून दाढी केलेली नाही. हिने विचारले, "साहेब बोलणार नाहीत?" म्हटले, "संशोधन सुरू आहे." रात्री भाजी वाढताना तिने हात जरा जास्त वेळ माझ्या खांद्यावर ठेवला.

भीती वाटते का? वाटते. कुतूहल अधिक वाटते. हे क्रमाने लिहिले आहे की उलट, ते उद्या-परवा कळेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकान उघडताच गेलो. खुर्चीत बसलो, मान मागे टाकली, डोळे मिटले. मग पेटीचे झाकण वाजले. गार फेस लागला. हनुवटीखाली पाते टेकले, आणि कंप सुरू झाला.

"हात नाही हलत रे," दादा म्हणाला. "तू हलतोयस. गप्प बस."