ओतून दिलेली टाकी

ती. आईस,
हैदराबादहून ऋतुजाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. कोकरं बरी आहेत ना?

तू फोनवर विचारलंस, "टाकीत औषध वाढतंय तरी कसं गं?" अगं, डोळ्याला न दिसणाऱ्या जिवंत पेशी आम्ही स्टीलच्या टाकीत वाढवतो. त्यांना खाणं, हवा, ऊब द्यायची. त्या औषध तयार करून भोवतालच्या पाण्यात सोडतात. ते गाळून, शुद्ध करून बाटल्यांत भरायचं.

दिवाळीआधी माझ्या पाळीत नमुना तपासताना त्यात जंतू दिसले. मी लगेच सांगितलं. अख्खी टाकी ओतून द्यावी लागली. नोकरी जाते की काय, या भीतीनं मी रडायलाच लागले.

आमच्या पद्मामॅडम म्हणाल्या, "रडतेस कशाला? तू सांगितलं नसतंस तर हे कुणाच्या तरी अंगात गेलं असतं की!"

मग गोठवून ठेवलेल्या पेशींपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली. काल नव्या बाटल्या भरल्या. आता तपासण्या तेवढ्या राहिल्यात.

आबा म्हणाले, चांगुणाआत्या संधिवाताचं इंजेक्शन घ्यायला भिते. तेही असंच तयार होतं. तिला माझा निरोप सांग: खराब निघालेलं आम्ही रडत का होईना, पण ओतूनच देतो.

तुझीच,
ऋतुजा