ग्राउनबेकची शिट्टी

विंटरहोफ,
२६ ऑगस्ट १९८४

चि. फोल्कमार यास,
इर्मट्राउटचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत. तुम्हा दोघांची खुशाली कळवीत जा, म्हणजे ती मेख्टिल्डकडून काढून घ्यावी लागणार नाही.

तुझ्या त्या बायकोच्याच पत्रावरून कळलं की या मोसमात तू फुटबॉलचा पंच झाला आहेस. बावन्नाव्या वर्षी! ती काळी चड्डी पोटावरून वर चढली तरी कशी, हे तिने लिहिलं नाही. होल्टर्डिकच्या क्लबने आपल्या वाट्याचा पंच दिला नाही तर फुटबॉल मंडळ त्या क्लबच्या संघाचे गुण कापतं, हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून अख्ख्या गावात तूच सापडलास? कोंबडी कापायची म्हटली की माळ्यावर जाऊन लपणारा तू!

चेष्टा बाजूला. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या खोऱ्यात एका पंचाचा जबडा फोडला. बिचारा नाताळपर्यंत नळीने सूप पीत होता. आणि आता तर तसल्याच मैदानांत दर रविवारी माझा भाऊच उभा राहणार. जपून राहा.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी ताई

---

होल्टर्डिक,
२१ ऑक्टोबर १९८४

ती. ताईस,
फोल्कमारचा शि. सा. नमस्कार. तुझं पत्र पोचलं. चड्डी नवी शिवून घेतली, काळजी नसावी.

काम मला आवडतंय गं. सकाळी दुसऱ्याच्या गावी जायचं, बावीस जणांच्या शिव्या खायच्या आणि शेवटी त्यांच्याच पैशाने बिअर प्यायची. गेल्या रविवारी मात्र ग्राउनबेकला जरा गडबड झाली. सामना संपता संपता त्यांच्या बचाववाल्याने समोरच्याचा सदरा धरून त्याला पाडलं. मी पेनल्टी दिली, गोल झाला, ग्राउनबेक हरलं.

पंचाला सांभाळायला माणसं यजमान क्लबनेच द्यायची, असा आपल्याकडचा नियम. दंडावर पांढरी पट्टी बांधून माझ्या वाट्याला आला ओडो ग्रोबे, तिथला खाटीक. त्याने मला गर्दीतून नीट गाडीपर्यंत आणलं, पण सारा वेळ त्याचा पंजा माझ्या मानेवर होता, वासराला धरतात तसा. गाडीचं दार उघडून देत हसून म्हणाला की पंचसाहेब, परत याल ना आमच्याकडे? या हं, मी वाट बघतो. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मेख्टिल्डला यातलं काही सांगू नकोस. नातवंडांना गोड पापा.
तुझा फोल्कमार

---

विंटरहोफ,
१३ जानेवारी १९८५

चि. फोल्कमार यास,
अनेक आशीर्वाद. मेख्टिल्डला सांगू नकोस म्हणतोस, आणि नाताळात बदक सोलता सोलता तीच माझ्या गळ्यात पडून रडली. जेवणाच्या वेळी फोन वाजतो, पलीकडे कोणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. दाराच्या कडीला वर्तमानपत्रात गुंडाळलेला डुकराचा कान लटकलेला मिळाला. तुमचा पोलीस म्हणे म्हणाला की बाई, कान लटकवणं हा काही गुन्हा नाही, वाटाण्याच्या सुपात छान लागतो. त्याचे कान उपटायला मी यायला हवं होतं!

आणि तू मला बिअरच्या गोष्टी लिहितोस. फोल्कमार, मला फार भीती वाटते. हे सोडून दे. सर सलामत तो पगडी पचास. क्लबचे गुण गेले तर जाऊ देत, गुणांच्या उशाशी बसून मला रडावं लागणार नाही.

उलट टपाली होय म्हणून कळव.
तुझी ताई

---

होल्टर्डिक,
१९ मे १९८५

ती. ताईस,
सा. नमस्कार. इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहवत नव्हतं आणि खरं लिहायचा धीर नव्हता.

मोसम संपायच्या आत सोडलं तर पंच म्हणून माझं हे वर्ष मंडळ धरत नाही. मग गुण कापले जाणार आणि होल्टर्डिक खालच्या गटात घसरणार, इतके आम्ही काठावर आहोत. आपल्या मैदानातले दगड बाबांनी हातांनी वेचले होते, हे तुला मी काय सांगावं. म्हणून टिकून राहिलो.

आणि आता शेवटच्या रविवारची नेमणूक आली आहे: ग्राउनबेक विरुद्ध एल्सनाउ, ग्राउनबेकच्याच मैदानावर. ग्राउनबेक जिंकलं तर ते वाचले, एल्सनाउ बुडालं. बरोबरी झाली तरी ग्राउनबेक बुडालं. आजारी पडल्याचं कळवावं असं रोज मनात येतं. काल स्वयंपाकघरात शिट्टी तोंडात धरून पाहिली. फुंकर निघेना. मेख्टिल्डने विचारलं की चहा झाला का, तर मी दचकून कप पाडला.

मला भीती वाटते, ताई. मार खाण्याची नाही, म्हणजे तीही आहेच. पण खरी भीती अशी, की वेळ आली की मी काय करीन ते मलाच सांगता येत नाही.

आशीर्वाद असू दे.
फोल्कमार

---

विंटरहोफ,
४ जून १९८५

चि. फोल्कमार यास,
अनेक आशीर्वाद. रागावू नकोस. रविवारी मी ग्राउनबेकला आले होते. डोक्याला रुमाल बांधून गोलाच्या मागे, तिथल्या बायकांत उभी होते. माझ्या शेजारची तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाली की या काळ्या कावळ्याला आज ओडो भुसा भरून भिंतीवर लावणार. आणि सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले रे, ओळखतील या भीतीने.

एक-एक अशी बरोबरी होती. शेवटी ग्राउनबेकचा एक लाल केसांचा पुढे घुसला आणि पडला. त्याला कोणी शिवलंसुद्धा नव्हतं. माझ्यापासून चार हातांवर पडला, मी पाहिलं. तूही पाहिलंस. मग तू त्या पांढऱ्या पट्टीवाल्याकडे पाहिलंस. तो ओरडत नव्हता, नुसता बघत होता.

मी त्या वेळी काय पुटपुटत होते, सांगू? देवा, याला शिट्टी वाजवू दे. खोटी तर खोटी. आणि तू वाजवलीस. पेनल्टीवर गोल झाला. एल्सनाउची माणसं गवतावर बसून रडत होती आणि मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण झाला. तुला न भेटताच बस पकडली. काय बोलणार होते?

आता विसर. पोटभर जेव. भाऊ धड आहे, मला बाकी काही नको.
तुझी ताई

---

होल्टर्डिक,
१६ जून १९८५

ती. ताईस,
फोल्कमारचा नमस्कार. तू होतीस हे वाचून आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग बरं वाटलं.

सामन्यानंतर ग्रोबेने मला मिठी मारली. सॉसेज खायला घातलं, पाठीवर थापा मारल्या. फोन आता वाजत नाही. आमच्या क्लबचे गुणही वाचले, सगळे माझं कौतुक करतात.

मी कपडे बदलत होतो तेव्हा एल्सनाउचा कप्तान आत आला होता, हार्टविग लेन्झ, दुधाची गाडी चालवतो. आता हा मारणार म्हणून मी भिंतीला टेकलो. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला की मनाला लावून घेऊ नका, आम्हीसुद्धा घाबरलोच होतो, त्यांना पेनल्टी मिळाली तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांना हायसंच वाटलं. मग माझा हात हातात घेऊन, सांभाळून जा म्हणाला. त्याचा संघ मी बुडवला होता, ताई.

पंचाने एकदा पाहून दिलेला निर्णय मंडळ फिरवत नाही. मी जाऊन खरं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या मोसमाचं बोलायला लागले. ग्राउनबेकने ऑगस्टमधल्या पहिल्या घरच्या सामन्याला मुद्दाम मलाच मागितलं आहे. असा समजूतदार पंच त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. मी होय म्हणालो. या वेळी दिसेल तेच वाजवणार आहे. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलंय, तुला दिसलंच असेल.

तू ये. तिथेच गोलामागे उभी राहा, पण रुमाल बांधू नकोस, मला तू दिसायला हवीस. आणि तेवढं शिट्टीचं देवाजवळ काही मागू नकोस.

तुझा,
फोल्कमार