ड्रॅगन एका मंत्रात मेला

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

काल आमच्या फाशांच्या खेळात, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन साहसाची गोष्ट खेळायची त्या खेळात, मला धक्काच बसला. खेळ चालवणाऱ्या दंतवैद्यांनी खूश होऊन आमची पात्रं पाचव्या पातळीवरून थेट विसाव्या पातळीवर नेली. सहा महिने ज्याला घाबरून पळालो, तो ड्रॅगन माझ्या एका मंत्रात मेला! कुणी टाळीही वाजवली नाही.

आमची शिंपीणबाई खेळात जखमा बांधते. ती एकदम रडायलाच लागली. "आता कुणाला लागणारच नाही. मग मी कशाला येऊ?"

दंतवैद्यांनी आमच्या पात्रांचे पाचव्या पातळीचे कागद परत वाटले. तीच पातळी बरी रे, तिथे एकमेकांवाचून चालत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, आम्ही खूप हसलो. शिंपीणबाईच्या आधी मीच रडणार होते, हे नको सांगूस.

तुझी,
धाकटी