भिंगरीशी बोलण्याची रंगीत तालीम

चिरंजीव धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

थोरली म्हणजे कोण, हे आठवायला तुला वेळ लागेल म्हणून खूण सांगते. तू घरी विसरलेलं दप्तर पोचवायला जी शाळेपर्यंत धावत यायची, ती मी. (दप्तर मी वाहिलं, वर्गात तू बसलास, म्हणून तर मला पत्र दुसऱ्याच्या हातून लिहवून घ्यावं लागतं. असो.) भावजयीचे गुडघे काय म्हणतात? तू गोळ्या घेतोस ना, की घेतल्या हे विसरून पुन्हा घेतोस? आमच्याकडे सगळं ठीक आहे. मध्ये नव्हतं, तेच सांगायला बसले आहे.

झालं असं, की भिंगरीच्या शाळेत पालकांची सभा झाली. (भिंगरी म्हणजे माझी नात, पंधरा वर्षांची. हेही सांगून ठेवलेलं बरं.) तिथे एका डॉक्टरीणबाईंनी गांजाविषयी माहिती दिली. बाई चांगलंच बोलल्या असणार, पण घरी येईपर्यंत तुझ्या भाच्याच्या डोक्यात फक्त खुणा उरल्या: डोळे लाल, भूक फार, उगाच हसू, अवेळी झोप. मुलांशी बोलायचं कसं, हा भाग सुरू झाला तेव्हा ही दोघं, तुझा भाचा नि सूनबाई, गाडी काढायला उठली होती, कारण नंतर फाटकापाशी गर्दी होते.

आता तुझ्या भाच्याचं चष्म्याचं दुकान आणि सूनबाईची लॉन्ड्री. म्हणजे डोळे त्याच्या ताब्यात, नाक तिच्या. भिंगरी शाळेतून आली की हा तिला दुकानातल्या डोळे तपासायच्या यंत्रासमोर बसवून हनुवटी टेकवायला लावायचा, आणि ही तिचं जॅकेट कॉलरपासून काखेपर्यंत हुंगायची. (जॅकेटला वास होता, पण तो त्या वयाचा.) भिंगरीचे डोळे पांढरेशुभ्र. मग यंत्र चालूच आहे म्हणून त्याने माझेही तपासले, तर लाल! भूक मला लागतेच, दुपारी मी घोरते, आणि हनुवटी टेकवल्यापासून माझं हसू थांबत नव्हतं. सगळ्या खुणा जुळल्या. पोरगं गंभीर होऊन मला विचारतं, "आई, तू घरी एकटी असताना तुझ्याकडे कोण कोण येतं गं?"

शेवटी सूनबाई म्हणाली, तपासण्या पुरे, तिच्याशी बोलायला हवं. पण बोलायचं काय, हे दोघांनाही ठाऊक नाही. म्हणून रंगीत तालीम ठरली. भिंगरी क्लासला गेल्यावर मला तिच्या खुर्चीत बसवलं, मी भिंगरी. (पाय वर घेऊन बसता येईना, बाकी भूमिका मला शोभली.) तुझ्या भाच्याने घसा साफ करून सुरू केलं, की एक झुरका घेतला की माणूस वेडा होतो, मग चोऱ्या करतो, मग रस्त्यावर येतो. मी मान वाकडी करून विचारलं, बाबा, असं झालेलं कुणी पाहिलंय तुम्ही? तो पुन्हा घसा साफ करायला लागला. म्हटलं, माझी मैत्रीण तर झुरका घेऊन धडधाकट घरी गेली, मग तुमचं बाकीचंही खोटंच धरू ना? त्यावर सूनबाई उसळली, "कोण मैत्रीण? नाव सांग!" मी म्हटलं, नाही सांगत, जा. "उलट बोलतेस?" असं ओरडून तुझ्या भाच्याने माझा मोबाइल काढून घेतला, वर महिनाभर घराबाहेर पडणं बंद. या वयात पोटच्या पोराने मला कोंडलं, आणि तेही मी न ओढलेल्या गांजासाठी!

एवढ्यात बघते तर दारात भिंगरी. क्लास लवकर सुटला होता. मला वाटलं, पोट धरून हसेल. ती हसली नाही. म्हणाली, सभेच्या आधी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गच्चीवर तिने झुरका घेतला होता. खोकला आला, छाती धडधडायला लागली, वाटलं आता मरणार. बाबांचा नंबर काढून बसली होती, पण दाबला नाही. "आत्ता आजीला केलंत, तेच मला केलं असतंत." मग एका मुलाच्या स्कूटरवर बसून घरी आली. त्यानेही तेच ओढलं होतं.

मला वाटलं, आता सूनबाई त्या मुलाचं नाव विचारणार. तिने विचारलं, "फार घाबरली होतीस का गं?" आणि पोरगी तिच्या गळ्यात पडून रडली. तुझा भाचा म्हणाला, मला त्यातलं काही कळत नाही, फक्त भीती वाटते. (इतक्या दिवसांत तो बोललेलं पहिलं खरं वाक्य.) मग त्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून चुकवलेला भाग ऐकला. बाई म्हणाल्या, एका झुरक्याने सगळे वेडे होत नाहीत, ते सांगू नका, पोरं हसतात. पण या वयात मेंदू अजून घडत असतो, आठवण नि अभ्यास बिघडतो, काहींना सवय जडते, काहींचं डोकं खरंच भरकटतं, आणि ओढलेल्याच्या गाडीवर बसणं म्हणजे जिवाशी खेळ. तेवढं खरं सांगा आणि मुलीचं ऐका. (मला तर वाटायचं, नुसत्या नावानेही नशा चढते. माझंही ज्ञान सुधारलं.) तेव्हापासून ठरलं आहे: कुठूनही, कधीही फोन कर, बाबा न्यायला येईल. त्या दिवशी कुणी एक शब्द विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी विचारणार, आणि नीट विचारणार.

तुझी बहीण (कोणती ते वर सांगितलं आहे)

ता. क. हे पत्र भिंगरीनेच लिहिलं आहे. स्कूटरचं वाक्य तिने गाळलं होतं. मला वाचता येत नाही, पण लेखणी मध्येच थांबली ते कळतं. तिला विचारलं, गाळायचं आहे का? ती म्हणाली, नको, राहू दे, लिहिते.

ता. क. खरं काम आता. तुझ्या मुलाने इकडे फोनवर फुशारकी मारली, की तो रोज पोरगा आंघोळीला गेला की त्याचं दप्तर उपसतो. त्या नातवाच्या खुर्चीत तू बस आणि मुलाला तालीम करू दे. तुझी भूमिका सोपी आहे, काहीही विचारलं तरी "आठवत नाही" म्हणायचं. पण हे पत्र वाचल्यावर लगेच कर. पोर कुणाच्या स्कूटरवर बसायच्या आत.

ता. क. भावजयीला सांगून बिस्किटांचा मोठा डबा पाठव. उशिरा परतलेल्या पोरीच्या हाताशी काहीतरी खायला असावं. मऊच पाठव. कडक बिस्किटं कुरकुर वाजतात, घर जागं होतं, आणि मग कुणीतरी उठून विचारायला लागतं.