बी ड्राइव्ह तसाच राहू दे

बारक्या,

दवाखान्यात जातेय. बाबा गेले त्या दिवसापासून त्यांचा चष्मा तिथेच राहिलाय, तो घेऊन येते. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

काल बाबांचा कॉम्प्युटर उघडून तू फ्लॉपी ड्राइव्हच्या वायरची पट्टी उलटी लावलीस, म्हणून त्याचा दिवा विझत नव्हता. मी ती सरळ केली. आता फ्लॉपी वाचता येते.

चालू करताना कॉम्प्युटर "ड्राइव्ह सापडत नाही" म्हणून अडतो, ते मात्र मी दुरुस्त केलेलं नाही. सेटिंगमध्ये बी ड्राइव्ह बंद केला की संपलं, हे मलाही कळतं. दोन ड्राइव्ह होते, ए बाबांचा, बी आईचा. आई गेल्यावर बाबांनी बी काढून कपाटात ठेवला, पण सेटिंग बदललं नाही. रोज सकाळी कॉम्प्युटर तो शोधायचा, अडायचा. बाबा एफ-वन दाबून म्हणायचे, "चल पुढे." मला वाटायचं, त्यांना सेटिंग बदलायला जमत नाही. पण पट्टी कशी लावायची ते मला शिकवलं कोणी, तर त्यांनीच.

आज मी चालू केला. तो अडला. मी एफ-वन दाबलं आणि "चल पुढे" म्हटलं. रडूबिडू काही आलं नाही.

तू सेटिंगला हात लावू नकोस.

ताई