एका कार्डावर एकच

प्रिय आमू,

जय भीम. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. ताईला एवढ्या वर्षांनी पत्र लिहायचं सुचलं म्हणजे कुणीतरी गेलं, असंच वाटलं असेल. तसं काही नाही. सगळे धडधाकट आहेत आणि आईची साखरही आटोक्यात आहे. पण फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, नाहीतर मी चिडते, आणि चिडले की मला रडू येतं हे तुला माहीत आहे. मग सांगायचं ते राहूनच जातं. कागदावर तरी शेवटपर्यंत बोलता येईल.

आधी भांडण. एप्रिलमध्ये तू आईला न्यायला आलीस आणि विमानाने बंगळुरूला घेऊन गेलीस. विश्रांतवाडीत आपण डोक्यावरून जाणारी विमानं बघत वाढलो, बाबांनी खडकीच्या फॅक्टरीत अख्खी नोकरी केली, पण घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी विमानात कुणी बसलं नव्हतं. आईला पहिल्यांदा तूच बसवणार हे मला ठाऊक होतं. तू हिंजवडीला जाणारी कंपनीची बस पकडायला लागलीस, तेव्हापासून या घरात पहिलं जे काही आलं ते तुझ्याच पगारातून आलं. कॉम्प्युटर तुझा, एसी तुझा. मी आपली शाळेच्या ऑफिसातली क्लार्क, माझ्या पगारातून यायचा तो किराणा. त्याची सवय झाली होती मला. पण महिन्याभराने आई परत आली ती विमानाचं काही बोलेना, बंगळुरूचंही नाही. बोलायची ते फक्त लाउंजचं.

तिचं सुरू व्हायचं, लोहगावच्या विमानतळावर आमूनं कार्ड दिलं, दारातल्या पोरीनं ते मशीनला लावलं आणि "या मॅडम" म्हणाली. आत गुबगुबीत खुर्च्या, गरम उपमा, इडली, कापलेलं कलिंगड, कॉफी हवी तेवढी, आणि निघताना कुणी बिल मागितलं नाही. खालच्या तुळजाबाईंनी हे इतक्यांदा ऐकलं की त्या आईला आता 'लाउंजवाल्या बाई' म्हणतात. विहारात वंदना संपली की लाउंज. डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत लाउंज. तिच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब रोज मी घालते, गुडघ्याला तेल मी लावते, तिच्या पथ्याचा स्वयंपाक मी करते. एका सकाळी उपमा केला, तर ताटलीकडे बघून म्हणाली, "तिथल्या उपम्यात काजू होते." आमू, अंगाची लाही लाही झाली. तिला सांभाळते मी, आणि काजू घातलेल्या एका उपम्यावर ती तुझी होऊन बसली! चार दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. तिला का ते कळलं नाही आणि मलाही सांगता येईना, कारण उपम्यावरून रुसले असं पन्नाशीला आलेल्या बाईनं कुणाला सांगावं?

मग मीही कार्ड काढलं. बँकेतल्या मुलाला पहिलाच प्रश्न विचारला, यावर लाउंज आहे का? तो म्हणाला, आहे ना मॅडम, एकदम फ्री. कार्ड हातात आल्यावर त्यानं सांगितलं की आधीच्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च झाला असेल तरच फ्री. आपल्या घरात एवढा खर्च कसला होणार? शेवटी मी ऑफिसात जाहीर केलं की ज्याला काही मोठं घ्यायचंय त्यानं माझ्या कार्डावर घ्यावं आणि पैसे मला द्यावेत. गोपाळकृष्ण सरांचं वॉशिंग मशीन माझ्या कार्डावर आलं. सदाशिव पेठेतला माणूस, आयती सोय झाली तरी विचारलंच, "बाई, यात तुमचं कमिशन किती?" तुझे दाजी म्हणाले, एवढ्या उपद्व्यापात आईंना रोज हॉटेलात नेऊन उपमा खायला घातला असता. त्यांना काय कळतंय. मला उपमा नको होता. मला तुझ्या जागी उभं राहायचं होतं.

दीक्षाभूमीला आपण दरवर्षी रेल्वेनं जातो, यंदा मी विमानाची तिकिटं काढली. आईला लाउंजचं मुद्दाम सांगितलं नाही. विमानतळावर तपासणी झाल्यावर तिला धरून थेट त्या काचेच्या दारापाशी नेलं आणि अगदी सहज सांगावं तसं म्हटलं, चल, जरा बसू. नवी साडी नेसले होते मी त्यासाठी. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड घेतलं, दोघींचे बोर्डिंग पास बघितले आणि म्हणाली, "मॅम, या कार्डवर एकच. गेस्टचा चार्ज वेगळा पडेल." मी म्हटलं, माझी बहीण हिला घेऊन आली होती, तेव्हा कसं चाललं? ती म्हणाली, त्यांचं कार्ड वरचं असेल. बघ, तिथंही तू वरचीच. मग मी बाजूला होते, हिला एकटीला जाऊ दे म्हटलं, तर तेही नाही, ज्याच्या नावाचं कार्ड त्यानंच जायचं. मागे रांग थांबली होती आणि माझे कान तापले होते. मी पर्स उघडली, होऊ दे काय चार्ज व्हायचा तो. तर आईनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "राहू दे. मला नाही बसायचं आत."

मला राहवलं नाही. सगळ्या रांगेसमोर बोलले, "आमूबरोबर बसायला चालतं, माझ्याबरोबर नाही?" आई हळूच म्हणाली, "आमूबरोबर कुठं बसले? एकटीच बसले होते मी."

मग आम्ही गेटपाशी लोखंडी खुर्च्यांवर बसलो आणि तिनं सगळं सांगितलं. तू तिला खुर्चीत बसवलंस, ताटली हातात दिलीस, फोन आला म्हणून बाहेर गेलीस आणि विमानाची वेळ होईपर्यंत आत आलीच नाहीस. काचेतून तिला तू दिसत होतीस. फोन कानाला, खांबाकडे तोंड, आणि खांदे हलत होते. आमू रडतेय हे तिला पाठीवरून कळलं. तू सांगितलं होतंस म्हणून तिनं उपमा खाल्ला, आणि नजर कुठं ठेवावी कळेना म्हणून ताटलीतले काजू बघत बसली. तुझ्या घरी अभयरावांच्या चपला दिसल्या नाहीत तेव्हाही ती गप्प राहिली. आठवड्यानं तू आपणहून सांगितलंस की ते वर्षभरापासून वेगळे राहतात आणि आता कागदपत्रं व्हायची आहेत. इकडे आल्यावर ज्यानं त्यानं विचारलं, आमू कशी आहे, जावई कसे आहेत? आईला खोटं बोलता येत नाही. म्हणून कुणी तुझं नाव काढलं रे काढलं की ती लाउंज सांगायला लागायची. आणि मी, मूर्ख, त्यावर जळत होते.

ताईला सांगू नकोस, अशी शपथ तू तिला घातलीस. का, तेही मी विचारलं. ती सांगत नव्हती, मी सोडलं नाही. तू म्हणाली होतीस, "ताईला बरं वाटेल." विमानात तासभर मी तेवढंच घोकत होते. दीक्षाभूमीवर एवढ्या गर्दीत हात जोडले, तेव्हाही तेच डोक्यात होतं.

आता पत्र कशासाठी ते. आई रविवारी तुझ्याकडे येतेय. तू मागितली नाहीस, मागणारही नाहीस, म्हणून मीच पाठवतेय. तिला विचारलं तर पिशवी भरायला उठली, माझ्याकडे एकदा वळूनही बघितलं नाही, आणि तेही मला लागलं. थेंब फ्रीजच्या दारात ठेव, झोपताना आठवणीनं घाल. किती दिवस राहायचं ते तुम्ही दोघी ठरवा, मी विचारणार नाही. घर आत्तापासूनच खायला उठलंय. मला तुझा हेवा वाटतो आमू, लहानपणापासून वाटतो, आणि आई तुझ्याकडे निघाली म्हणून आज तर फारच वाटतो. पण तुझा संसार मोडला म्हणून मला बरं वाटेल, हे पुन्हा कुणाला सांगू नकोस. आईलासुद्धा नाही.

तुझीच,
ताई