मापाचा माणूस

सोमवार, ३ तारीख

आज पहिला दिवस. जागा छान आहे. खिडकीतून उजेड भरपूर येतो, आणि खुर्चीचं एक चाक सोडलं तर सगळं शाबूत आहे. दुकान जुन्या फर्निचरचं. खाली कपाटं, पलंग, आरसे. वरच्या मजल्यावर एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. वेबसाइटवर टाकायचे फोटो तयार करणं हे माझं काम.

मालक बोलतात मोठ्याने, पण मनाने वाईट वाटत नाहीत. महागडा प्रोग्राम मिळणार नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. फुकटचा आहे तोच वापरायचा, त्याला डोकं लागतं, परवाना लागत नाही, असं म्हणाले.

ही खिशात मावणारी वही ताईने दिली. दहावीला घसरलो तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच, पण ताई रोज संध्याकाळी मला शुद्धलेखन घालायची. एकेक शब्द तोडून, सावकाश. म्हणून माझं ऱ्हस्व-दीर्घ पक्कं आहे. आई-वडील गेल्यापासून मी तिच्या आणि भावोजींच्या घरी राहतो. निघताना ती म्हणाली की कॉम्प्युटरला घाबरू नकोस, उलट तोच तुला घाबरेल असं तोंड करून बस. भावोजी म्हणाले की तसं तोंड त्याला जन्मापासूनच आहे.

मंगळवार, ४ तारीख

इथली एक पद्धत गमतीची आहे. नुसत्या फोटोवरून कपाट केवढं आहे ते कळत नाही, म्हणून प्रत्येक वस्तूशेजारी पॉलिशवाल्या काकांना उभं करून फोटो काढतात. काकांची उंची बरोबर साडेपाच फूट. सगळे त्यांना फूटपट्टी म्हणतात. त्यांच्यावरून अंदाज घेऊन मी वस्तूचं माप लिहायचं आणि मग काकांना फोटोतून पुसायचं. मालकांना वेबसाइटवर माणूस नको. बघणाऱ्याला त्या कपाटाशेजारी स्वतःच उभं असल्यासारखं वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

पुसायचं म्हणजे खोडायचं नाही. प्रोग्राममध्ये शिक्क्याचं चित्र असलेलं एक हत्यार आहे. त्याने दुसरीकडचा स्वच्छ भाग उचलायचा, भिंत म्हणा, फरशी म्हणा, आणि माणसावर आणून बसवायचा. मी माझा क्रम ठरवला आहे. आधी सावली, मग पाय, मग वर वर. चेहरा शेवटी.

पहिल्याच फोटोत चूक झाली. फरशीवरची एकच भेग शेजारी शेजारी दोनदा उमटली. मालक म्हणाले की गिऱ्हाईक आंधळं नाही, जुळी भेग दिसली की ते ओळखतं, इथे कोणीतरी होतं. पुन्हा केलं. तीन तास लागले.

जेवताना काका सांगत होते की अर्ध्या शहराच्या पलंगाशेजारी ते उभे राहिलेत आणि त्यांच्या बायकोला त्याचा अजून संशय नाही.

मॉनिटरच्या कडेला माझ्या आधीच्या माणसाने चिठ्ठी चिकटवली आहे. 'मुळ फोटो काढून टाकु नयेत.' दोन्ही उकार चुकलेले. पेनाने सुधारले. कारण लिहिलेलं नाही.

शुक्रवार, ७ तारीख

काका आले नाहीत, दाढ दुखते. डबा विसरलो म्हणून ताई द्यायला आली, तर मालकांनी तिलाच आरशाच्या टेबलाशेजारी उभं केलं. ती आधी लाजली, मग म्हणाली की साडेपाच फूट नाही, पण सव्वापाच धरा आणि वरचा पाव फूट माझ्या तोऱ्याचा समजा. मालक चक्क हसले.

ताईला पुसताना विचित्र वाटलं. सावली, पाय, निळा ड्रेस. चेहऱ्याशी आलो तेव्हा मी अर्धवट डोळे मिटून काम केलं आणि फाइल तशीच पाठवली. घरी गेल्यावर तिने विचारलं की पुसलंस ना मला नीट? भावोजींनी मलाही ते हत्यार शिकव म्हणून हात जोडले, तेव्हा तिने त्यांना उशी फेकून मारली.

गुरुवार, १३ तारीख

कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. डिस्क गच्च भरलेली. बघितलं तर सगळी जागा 'मूळ' नावाच्या फोल्डरने खाल्लेली, माणसं न पुसलेले सगळे फोटो, कित्येक वर्षांचे. मालक जिन्यातून ओरडत होते की आजच्या आज बारा वस्तू वेबसाइटवर दिसल्या पाहिजेत. पुसलेले तयार फोटो असताना हे कशाला ठेवायचे? मी पूर्ण फोल्डर काढून टाकलं आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मला अर्धवट काम आवडत नाही.

चिठ्ठी काढली. तिचा डिंक राहिला होता, तोही पुसला.

शुक्रवार, १४ तारीख

दुपारी काका अंगणात एका दाराला पॉलिश करत होते. लख्ख ऊन. दाराची सावली पडली होती. ब्रशची पडली होती. काकांची नव्हती.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काकांनी विचारलं की काय रे, माझ्यात काही नवीन दिसतंय का? मी नाही म्हणालो.

सोमवार, १७ तारीख

आज काका दिवसभर स्टुलावरच बसून होते. पाय बधिर झालेत म्हणाले. मी खाली वाकून पाहिलं.

पॅन्टची टोकं होती. त्याखाली बूट नव्हते. फरशी होती. आणि त्या फरशीवर एक भेग. शेजारी तीच भेग, तशीच, दुसऱ्यांदा.

मी मालकांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि विचारलं की स्टूल विकायचंय का? काका त्यांच्याकडे बघून हसले. मालक हसले नाहीत. त्यांना काका दिसलेच नाहीत.

काका मला म्हणाले की शनिवारपासून असंच चाललंय, बायकोने कालपासून त्यांचं पान वाढलेलं नाही. वाटलं रुसली असेल. मग त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला ऊब नव्हती, भिंतीला असतो तेवढा गारवा होता.

मंगळवार, १८ तारीख

काका नाहीत. मी विचारलं तर मालक म्हणाले की कोण काका? पॉलिश आपण पहिल्यापासून बाहेरून करून घेतो.

स्टुलासमोर जुळी भेग आहे. बोटाने चाचपली. खरी आहे.

मालक म्हणाले की चल, उभा राहा कपाटापाशी, रोजच्यासारखा. मी म्हणालो की माप काका देतात. ते म्हणाले की काय फाजीलपणा लावलायस, साडेपाच फूट तूच आहेस. आणि खरंच आहे. मी कधी मोजलं नव्हतं. दिवसभर उभा राहिलो, ही वही शर्टाच्या खिशात होती.

बुधवार, १९ तारीख

कॉम्प्युटरवर बसायला एक मुलगी ठेवली आहे. हुशार आहे, मला दादा म्हणते. मी तिला क्रम शिकवला. सावली, पाय, वर वर, चेहरा शेवटी. तिने विचारलं की तुमच्या खिशातली वही पण पुसायची? मी हो म्हणालो, वहीसकट. मग एकदम लक्षात आलं आणि बजावून सांगितलं की काहीही झालं तरी मूळ फोटो काढून टाकायचे नाहीत. तिने कारण विचारलं. मी चिठ्ठी लिहून पुन्हा मॉनिटरला चिकटवली.

घरी आलो. ताई खिडकीशी उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होती. ऊन तिच्यातून सरळ भिंतीवर पडलं होतं.

सात तारखेचा फोटो. तो 'मूळ'मध्येच होता.

गुरुवार, २० तारीख

हरवलेल्या फाइली परत आणणारा प्रोग्राम चालवला. चारशे नावं आली, एकही उघडली नाही.

दुकानाचा कॅमेरा घरी आणून ताईचा नवीन फोटो काढला. फोटोत भिंत आली. पोपडा निघालेला एक भाग, आणि शेजारी तोच भाग पुन्हा. घरातला अल्बम काढला. लग्नाच्या फोटोत भावोजी एकटेच उभे आहेत, हार दोन.

ताईला सांगितलं नाही. तिनेच विचारलं की अल्बम कशाला काढलायस? मग म्हणाली की आज तिला उंबरठा लागलाच नाही पायाला. हसून म्हणाली. आणि हसू थांबल्यावर म्हणाली की तू काही केलंयस का? रागावणार नाही, सांग.

मी नाही म्हणालो. ताईशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.

शनिवार, २२ तारीख

काल संध्याकाळपर्यंत तिचा आवाज होता. भावोजी तिच्यातून हात घालून मिठाचा डबा घेत होते.

आज भावोजींनी मला 'तुम्ही' म्हटलं. म्हणाले की खोली आवडली ना, भाड्याचं नंतर बघू. मी म्हणालो की भावोजी, मी. त्यांनी विचारलं की भावोजी का म्हणता? मला बायको नाही.

बोलून ते बराच वेळ भिंतीच्या जुळ्या पोपड्याकडे बघत उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. ते का आलं ते त्यांना कळत नव्हतं.

रविवार, २३ तारीख

ताई आहे!

सकाळी दाढी करताना आरशात दिसली. माझ्यामागे, कमरेपर्यंत, निळा ड्रेस. मागे वळलो तर कोणी नाही. आरशात आहे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एकेक शब्द तोडून, सावकाश, शुद्धलेखन घालताना सांगायची तसं. मी वही काढली आणि ओठ बघून उतरवून घेतलं.

मला – इथून – बाहेर – घे.

आता कळलं. ती आरशाच्या टेबलाशेजारी उभी होती. मी तिला पुसलं, पण डोळे अर्धवट मिटलेले होते. आरशातलं तिचं प्रतिबिंब पुसायचं राहिलं! वेबसाइटवरच्या त्या फोटोत ती अजून आहे. तेवढा भाग उचलून नव्या लेयरवर, वेगळ्या थरावर ठेवायचा, जपायचा, शंभर प्रती करायच्या. माझा फोन बटणांचा, त्यावर वेबसाइट उघडत नाही. भावोजी सकाळीच बाहेर गेलेत. दुकानाला आज कुलूप. तरी दोनदा जाऊन आलो.

उद्या सर्वांत आधी पोचायचं. ताईला आरशात सांगितलं. तिने मान हलवली.

सोमवार, २४ तारीख

मुलगी माझ्याआधी आलेली होती. खुशीत होती. म्हणाली की दादा, तुमची एक चूक सापडली, सांगू का रागावणार नसाल तर? त्या टेबलाच्या आरशात एक बाई राहिली होती. पुसून टाकली मी. जुना फोटो होता तोही काढून टाकला. वेबसाइटवर नवा चढवला.

मी ओरडलो असेन. मालक वर आले. मुलगी रडायला लागली. ती म्हणाली की डिस्क भरली होती, शनिवारी तुम्ही गेल्यावर मालकांनीच सांगितलं म्हणून मूळ फोटो सगळे काढून टाकले, टोपलीही रिकामी केली. तुम्ही काम अर्धवट ठेवत नाही असं मालक म्हणाले, म्हणून.

सगळे. म्हणजे माझेही. मंगळवारपासूनचे.

घरचा आरसा रिकामा आहे. त्यात मीच. एकटा.

मंगळवार, २५ तारीख

रस्त्यावर दिव्याच्या खांबाची सावली, कुत्र्याची सावली. माझी –

मुलीला तीनदा हाक मारली. तिने खिडकी लावून घेतली. वारा येतोय म्हणाली, स्वतःशीच.

ही वही पहिल्या पानापासून वाचली. त्यात लिहिलं आहे की मला ताई होती, उशी फेकायची. अक्षर माझं आहे. चेहरा आठवत नाही. डोळे मिटले की पोपडा दिसतो. दोनदा.

बुधवार, २६ तारीख

पाय नाहीत. जिना कसा चढलो कळलं नाही.

मुलीने तिची पर्स माझ्या खुर्चीवर ठेवली. मी बसलो आहे त्या खुर्चीवर.

डावा हात – टेबलावर वही दाबून धरलेला होता. आता तिथे लाकूड दिसतं. गाठ आहे लाकडात. शेजारी तीच गाठ.

चेहरा शेवटी. म्हणजे मी शेवटपर्यंत बघणार. हा क्रम माझाच.

खिसा आला की वही जाईल. वहीत ताई आहे. दुसरीकडे कुठेच नाही. पण तिचं नाव – सगळी पानं उलटली – सगळीकडे ताई, ताई. नाव एकदाही लिहिलं नाही मी. आठवतंय अजून. घाई नको. सावकाश, शुद्ध लिहायचं. नाव असेल तर कोणीतरी वाचेल, हाक मारेल –

माझ्या ताईचं नाव आज पहिला दिवस. जागा छान आहे. खिडकीतून उजेड भरपूर येतो, आणि